रेशनबुक कसं मिळायचं : १९४० च्या ब्रिटनमधली पात्रता, कागदपत्रं आणि दुकानातली नोंदणी

गावाकडच्या म्हाताऱ्या बायका रेशन दुकानाला अजून 'कंट्रोल' म्हणतात. 'कंट्रोलचा तांदूळ आला का गं?' हा शब्द दुसऱ्या महायुद्धातल्या नियंत्रणांच्या काळापासून आपल्याकडे मुक्कामाला आहे. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ यायचा थांबला आणि मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. ब्रिटनमध्ये ते ८ जानेवारी १९४० लाच सुरू झालं होतं. तिथल्या घरातल्या बाईला रेशनबुक मिळवायला आणि चालवायला काय काय करावं लागायचं, ते इथे सांगतो. कार्डात नाव चढवायला ज्यांनी चकरा मारल्या आहेत त्यांना बरंचसं ओळखीचं वाटेल.

पात्रतेचं फार सांगण्यासारखं नाही, कारण सगळेच पात्र होते. उत्पन्नाची अट नव्हती. राजघराण्यालाही रेशनबुकं होती. आणखी एक फरक म्हणजे कार्ड कुटुंबाचं नसून बुक माणशी एक. घरात सहा माणसं असली तर सहा बुकं, आणि ती सांभाळायची बहुधा एकीनेच.

कागदपत्र मुख्य एकच, ओळखपत्र. २९ सप्टेंबर १९३९, शुक्रवार, या दिवशी देशभर नोंदणी झाली. प्रगणक घरोघरी फॉर्म देऊन गेले होते. त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही आणि व्यवसाय लिहायचा. त्यावरून ओळखपत्रं दिली गेली आणि त्याच नोंदींवरून रेशनबुकं. त्या नोंदवहीत लाखो बायकांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून एकच मजकूर दिसतो, 'बिनपगारी घरकाम'. पुढची चौदा वर्षं रेशनिंग ज्यांच्या जिवावर चाललं, त्यांची सरकारदरबारी ओळख ही अशी.

बुकांचे रंग वेगवेगळे होते. आपल्याकडे पिवळं, केशरी, पांढरं कार्ड उत्पन्नावरून ठरतं, तिथे रंग वयावरून ठरायचा. मोठ्या माणसांना मातकट पिवळसर, ५ ते १६ वर्षांच्या मुलांना निळं आणि पाच वर्षांखालच्या मुलांना हिरवं. गरोदर बाईला स्वतःच्या बुकाशिवाय एक हिरवं बुक जास्तीचं मिळायचं. त्यासाठी डॉक्टर, सुईण किंवा आरोग्यसेविका यांपैकी एकीचा दाखला घेऊन स्थानिक फूड ऑफिसात जायचं. हिरवं बुक हातात असलं की रोज एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त दूध सवलतीत. जुलै १९४० पासून त्याचा दर दोन पेन्स होता, आणि ज्यांना तेही परवडत नव्हतं त्यांना फुकट. संत्री आली तर पहिला मान हिरव्या बुकाचा. डिसेंबर १९४१ पासून लहान मुलांना कॉडलिव्हर ऑइलही मिळू लागलं. ते पोरांच्या घशाखाली कसं उतरवायचं हा भाग फूड ऑफिसच्या कक्षेबाहेरचा.

बुक मिळालं म्हणजे काम झालं असं समजू नका. खरी प्रक्रिया इथून सुरू व्हायची. बुक घेऊन दुकानदाराकडे नाव नोंदवायचं. बेकन (खारवलेलं डुकराचं मांस), लोणी, साखर यांसाठी एकच वाणी किंवा वेगवेगळे चालत, मटणासाठी खाटीक वेगळा. दुकानदार बुकातली काउंटरफॉइलं, म्हणजे नोंदणीच्या चिठ्ठ्या, काढून घ्यायचा आणि फूड ऑफिसला पाठवायचा. जितक्यांची नोंदणी, तितकाच माल त्याला मिळायचा. त्यामुळे बाई त्या दुकानाला बांधली गेली. शेजारच्या गल्लीत बेकन चांगलं येतं असं कळलं तरी उपयोग नाही. मनात आलं म्हणून दुकान बदलता येत नव्हतं. घर बदललं तर आधी फूड ऑफिसात ओळखपत्रावर नि बुकावर नवा पत्ता लिहून घ्यायचा, मग नव्या दुकानात पुन्हा नोंदणी. बॉम्बहल्ल्यात घर गेलेल्या बाईलाही हाच मार्ग. साहजिकच दुकानदाराशी कोणी वाकडं घेत नसे. काउंटरखाली काय ठेवलंय आणि कोणासाठी, हे त्याच्या मर्जीवर असायचं.

आता मिळायचं किती? प्रमाण युद्धभर वरखाली होत राहिलं, पण एका मोठ्या माणसाचा आठवड्याचा ढोबळ हिशेब असा : बेकन सुमारे ११३ ग्रॅम, लोणी ५७, मार्गारिन (लोण्याऐवजी वापरायचं) ११३, चीज ५७, साखर २२७, चहा ५७ ग्रॅम आणि एक अंडं, तेही आलं तर. जॅमची बाटली दोन महिन्यांतून एकदा. ५७ ग्रॅम चहापत्तीत आठवडा काढायचा म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. पाहुण्यांनी आपापला चहा-साखरेचा वाटा पुडीत बांधून आणावा ही रीतच पडली. काही घरांत लोण्याच्या वाट्याही वेगळ्या असत, प्रत्येकीवर नाव. कारण थोरल्याने सोमवारीच आपलं लोणी चाटून संपवलं तर बुधवारी धाकटीच्या वाटीवर डोळा.

मटणाची गंमत वेगळी. मार्च १९४० पासून ते रेशनवर आलं, पण वजनावर नाही, किमतीवर. सुरुवातीला माणशी १ शिलिंग १० पेन्सचं, पुढे बरीच वर्षं १ शिलिंग २ पेन्सचं. म्हणजे चांगला तुकडा मागितला तर मूठभर, हलका घेतला तर दोन वेळचं. कुठला तुकडा किती वेळ शिजवला की मऊ होतो हे जिला ठाऊक, तिच्या घरात त्याच कुपनात जास्त माणसं जेवायची. हा हिशेब कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता.

शाकाहारींसाठी सोय होती, आणि हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवं. फूड ऑफिसात शाकाहारी असल्याचं लिहून द्यायचं, मटण-बेकनची कुपनं सोडायची, बदल्यात चीज वाढवून मिळायचं. कोंबड्या पाळणाऱ्यांसाठीही अशीच अदलाबदल. अंड्यांची नोंदणी सोडा, कोंबडीचं खाद्य घ्या. मग परसात तीन-चार कोंबड्या, आणि शेजारणीही आपली नोंदणी सोडून त्यात भागीदार.

१ डिसेंबर १९४१ पासून पॉइंट्स आले, म्हणजे ठरावीक गुण, ते हव्या त्या मालावर खर्चायचे. डबाबंद मासे, मटण, पुढे डाळी, बिस्किटं यांसाठी चार आठवड्यांना सुरुवातीला माणशी १६ पॉइंट्स. हे कुठल्याही दुकानात चालायचे, त्यामुळे बायकांना एवढ्यापुरतं तरी दुकान निवडता आलं. पण कुठल्या डब्याला किती पॉइंट्स हे सरकार बदलत राहायचं, त्यामुळे तेही पाठ ठेवणं आलं.

काय रेशनवर नव्हतं? युद्धभर पाव, बटाटे, भाज्या, मासे नव्हते. मग अडचण काय? रांग. मासळीच्या दुकानाबाहेर रांग दिसली की आधी उभं राहायचं, काय आलंय ते मागून विचारायचं. आणि डिसेंबर १९४१ च्या कायद्याने वीस ते तीस वयाच्या अविवाहित बायकांना युद्धकामावर बोलावलं, लग्न झालेल्याही मोठ्या संख्येने कारखान्यांत गेल्या. दहा तासांची पाळी करून बाहेर पडेपर्यंत दुकानांत फक्त रिकामे ट्रे. रेशनचा माल नोंदणीमुळे राखून ठेवलेला असायचा, पण मासे नि कांदे कोण राखणार? अशांना कुपनाशिवाय स्वस्तात गरम जेवण देणारी सरकारी भोजनगृहं निघाली, १९४३ पर्यंत दोन हजारांहून जास्त. माझ्या मते बायकांचा वेळ खरा कशाने वाचवला असेल तर याने.

घरात मूल जन्मलं की जन्मनोंदणीबरोबर त्याचं ओळखपत्र काढायचं आणि त्यावर बुक. माणूस गेलं तर त्याचं बुक नि ओळखपत्र परत करायचं. आपल्याकडचं 'नाव कमी करणं' तेच. (माझ्या आजीचं नाव कमी करायला आम्हाला एका कार्यालयात चार खेपा पडल्या, मृत्यूचा दाखला हातात असून.) आपल्या २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातल्या सर्वांत मोठ्या प्रौढ बाईला कार्डापुरतं कुटुंबप्रमुख केलंय. ब्रिटनच्या बुकात तसा रकाना नव्हता, तरी सगळी बुकं एकाच हँडबॅगेत असायची.

युद्ध संपल्यावर सुटका होईल असं वाटलं होतं. उलट जुलै १९४६ मध्ये, युद्धात कधी रेशनवर नसलेला पावही रेशनवर आला, तो दोन वर्षं. चहा १९५२ मध्ये मोकळा झाला, साखर १९५३ मध्ये. ज्या ओळखपत्रावरून हे सगळं सुरू झालं, ते फेब्रुवारी १९५२ मध्ये रद्द झालं. मटणासाठी बुक मात्र जुलै १९५४ पर्यंत पिशवीत ठेवावं लागलं.