ख्रिस्ती तरुण संघ (कोल्हापूर)

ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) साधारण १३ ते ३० वर्षे वयाच्या मुलामुलींना श्रद्धेत वाढवण्यासाठी नियमितपणे चालणारे काम म्हणजे युवा सेवाकार्य. कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ते बहुधा ‘तरुण संघ’ या नावाने ओळखले जाते. शब्बाथ शाळा (लहान मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग) संपल्यापासून मंडळीत जबाबदार सभासद म्हणून उभे राहीपर्यंतचा काळ या संघाच्या वाट्याला येतो. घरातून मिळालेली श्रद्धा या वयात एकतर स्वतःची होते, नाहीतर नाताळच्या नव्या कपड्यांपुरती उरते. ती स्वतःची व्हायला तीन गोष्टी लागतात: प्रश्न विचारायला मोकळी जागा, हातात खरे काम, आणि आईवडिलांखेरीज नावाने ओळखणारी दोन-तीन विश्वासू मोठी माणसे. सभा, गाणी, शिबिरे ही या तिन्ही गोष्टी घडवण्याची साधने आहेत. ती स्वतःच उद्दिष्ट झाली की संघ गजबजलेला दिसतो, पण आतून पोकळ होतो.

पूर्वपीठिका

तरुणांसाठी वेगळे ख्रिस्ती काम एकोणिसाव्या शतकात आकाराला आले. जॉर्ज विल्यम्स यांनी १८४४ मध्ये लंडनमध्ये वाय.एम.सी.ए. ही ख्रिस्ती तरुणांची संस्था सुरू केली. अमेरिकेत मेन राज्यातील पोर्टलंड येथे फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) १८८१ मध्ये ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ संस्था काढली. प्रत्येक सभासदाने सभेत काहीतरी भाग घ्यायचाच आणि प्रत्येकाने कोणत्या तरी समितीत काम करायचे, हे तिचे दोन नियम आजच्या तरुण संघांच्या घडणीतही दिसतात.

या इतिहासात कोल्हापूरचा धागा थेट आहे. रॉयल गूल्ड वाइल्डर हे मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. १८७० मध्ये येथील काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. रॉयल वाइल्डर यांचे पुत्र रॉबर्ट यांचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरातच झाला. प्रिन्स्टनला शिकत असताना त्यांनी सोबत्यांना मिशनकार्यासाठी एकत्र आणले. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे २५१ विद्यार्थी जमले होते, त्यांतील १०० जणांनी परदेशी सेवेसाठी नावे दिली. त्यातूनच विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली, आणि रॉबर्ट यांनी पुढे भारतातही विद्यार्थ्यांमध्ये काम केले. कोल्हापुरातल्या तरुण संघांत ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ती सांगायला हवी: जगभर पसरलेल्या विद्यार्थी चळवळीचा एक प्रवर्तक याच गावात वाढला, हे ऐकून मुले ताठ बसतात.

मिशनने शाळा आणि वसतिगृहे उभारली. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली, त्यांत भारतीय ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही होते. कोडोलीसारख्या गावांतून शिकायला आलेल्या मुलांची श्रद्धा सकाळ-संध्याकाळच्या वसतिगृह-प्रार्थनेत घडत असे. आज तो रोजचा सहवास बहुतेकांना मिळत नाही आणि त्याचा भार आठवड्यातल्या दीड तासाच्या सभेवर पडतो.

श्रद्धा कशी वळण घेते

अमेरिकन धर्मशिक्षणतज्ज्ञ जॉन वेस्टरहॉफ यांनी १९७६ मध्ये श्रद्धेच्या वाढीच्या चार अवस्था मांडल्या: अनुभवलेली, आपलेपणाची, शोधणारी आणि स्वतःची झालेली. लहानपणी मूल आजीच्या मांडीवर प्रार्थना अनुभवते. शाळेच्या वरच्या वर्गांत ‘आपली मंडळी, आपला गट’ ही भावना प्रबळ असते. त्यानंतर शंका येतात. जेम्स फाउलर यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या टप्प्यांतही किशोरवयीन श्रद्धा भोवतालच्या माणसांच्या मतांवर उभी असते आणि पुढे ती तपासून घ्यावी लागते. यातून कार्यकर्त्याने घ्यायची गोष्ट साधी आहे. अकरावीतल्या मुलीने ‘देव आहे कशावरून?’ असे विचारले तर ती दूर चाललेली नसते. ती पुढच्या पायरीवर पाय टाकत असते. तिला तिथेच गप्प केले तर ती प्रश्न घेऊन बाहेर जाते आणि बहुधा परत येत नाही.

समाजशास्त्रज्ञ क्रिश्चन स्मिथ आणि मेलिंडा डेंटन यांनी अमेरिकन किशोरांचा मोठा अभ्यास करून २००५ मध्ये दोन निष्कर्ष मांडले. पहिला, मुलांच्या श्रद्धेवर सर्वांत मोठा प्रभाव आईवडिलांचाच असतो. दुसरा, पुष्कळ मुलांचा प्रत्यक्ष विश्वास ‘चांगले वागा, आनंदी राहा, अडचणीत देवाला हाक मारा’ इतकाच असतो. त्यात क्रूस, पाप, क्षमा यांना जागा नसते. अभ्यास तिकडचा असला तरी दुसरा निष्कर्ष येथेही पडताळून पाहण्याजोगा आहे. ‘ख्रिस्ती असणे म्हणजे काय, चार वाक्यांत लिहा’ असे संघातल्या मुलांना सांगावे आणि कागद नावाशिवाय गोळा करावेत. पुढच्या सहा महिन्यांचे विषय त्या कागदांतूनच निघतात.

कोल्हापुरातले प्रश्न

जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे वर्गात, तालमीत, फुटबॉलच्या संघात ख्रिस्ती मुलगा बहुधा एकटाच असतो. पेठेतल्या गणेश मंडळात मित्र आहेत. वर्गणी द्यायची का, आरतीला उभे राहायचे का, प्रसाद घ्यायचा का, हे प्रश्न दरवर्षी येतात. ‘नको’ किंवा ‘चालतं’ असे एका शब्दात उत्तर देणारा पुढारी मुलांना काहीच शिकवत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचे ८ ते १० हे अध्याय आणि रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय याच पेचावर लिहिलेले आहेत. ते दोन-तीन सभांत सलग वाचावेत. तिथे उपासनेत सहभाग, मित्राच्या घरचे जेवण आणि दुबळ्या भावाची सदसद्विवेकबुद्धी या तीन गोष्टी पत्रांचा लेखक पौल वेगवेगळ्या तोलतो. मुलांनी तो तोल स्वतः करून पाहिला की मित्राशी नाते न तोडता नम्रपणे नकार कसा द्यायचा हेही त्यांना सापडते. मंडळ्यांची मते इथे एकसारखी नाहीत, हे मुलांपासून लपवू नये.

दुसरा प्रश्न जातीच्या दाखल्याचा. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशानुसार हा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे काही घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी स्थिती असते. बारावीनंतर प्रवेशाचे अर्ज भरताना मुलाला ती प्रथमच टोचते. यावर व्यासपीठावरून संदेश देऊन मुलाला अपराधी करणे क्रूर आहे. पाळकाने किंवा मंडळीच्या जाणत्या वडीलजनांनी घरी बसून, आईवडिलांसह, इतिहास आणि कायदा दोन्ही समजावून सांगावेत.

साप्ताहिक सभा

दीड तास पुरेसा असतो. पहिली १५ मिनिटे गीते, १० मिनिटे आठवड्याच्या बातम्या आणि प्रार्थनेच्या गरजा, ४० मिनिटे लहान गटांत शास्त्राभ्यास (बायबलचा अभ्यास), १५ मिनिटे सर्वांनी मिळून, शेवटची १० मिनिटे दोघा-तिघांच्या प्रार्थनेला. चहा त्यानंतर, खरे बोलणे पुष्कळदा चहाच्या वेळीच होते, म्हणून पुढाऱ्यांनी तेव्हा आवराआवर करत फिरू नये. मुलींना अंधार पडण्याआधी घरी पोचता येईल अशी वेळ ठेवली नाही तर आईवडील त्यांना पाठवणे हळूहळू बंद करतात, आणि त्याचे कारण कोणी सांगत नाही.

गट सहा ते आठ जणांचा असावा. दहाच्या पुढे गेला की तिघेच बोलतात. उतारा १० ते २० वचनांचा घ्यावा. मार्काच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय आहेत. दर सभेला अर्धा अध्याय घेतला तर ३२ सभा लागतात, म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षा आणि मे महिना वगळून एक वर्ष. प्रश्न तीन प्रकारचे हवेत: इथे काय घडते, लेखकाला काय म्हणायचे आहे, आणि सोमवारी कॉलेजात याचे काय करायचे. नवख्या गटप्रमुखाची नेहमीची चूक म्हणजे प्रश्न विचारून पाच सेकंदांत स्वतःच उत्तर देणे. शांतता सोसावी लागते. ‘येशू दयाळू होता ना?’ असा एकच उत्तर असलेला प्रश्न तर मुळीच विचारू नये. तयारीला गटप्रमुखाचे दोन तास जातात; आदल्या रात्री मोबाईलवर शोधलेली तयारी मुले लगेच ओळखतात.

भाषेची अडचण वाढत आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना जुन्या मराठी शास्त्राची वाक्ये अडतात आणि गीते रोमन लिपीत पडद्यावर दाखवावी लागतात. सोप्या मराठीतले भाषांतर शेजारी ठेवावे, पण मराठी वाचन सोडू नये. गीतांचेही तसेच. गिटारवरची हिंदी-इंग्रजी गाणी मुलांना आवडतात, ती असावीत. त्यांबरोबर दर सभेत पेटी-तबल्यावर एक मराठी भजन शिकवावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या भजनांत ख्रिस्ताविषयीचे सखोल चिंतन मराठी भक्तिपरंपरेच्या चालीत उतरले आहे. ती न येणारा तरुण आजोबांच्या अंत्यविधीत मुका उभा राहतो. तरुण संघाचा नुसता गायकवर्ग होणे हा मात्र सर्रास होणारा बिघाड आहे: नोव्हेंबरपासून नाताळच्या गीतांचा सराव, मग ईस्टरचा, आणि शास्त्राभ्यास ‘पुढच्या वेळी’. सरावाचा दिवस वेगळा ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

दृढीकरणाचा वर्ग

बाळपणी बाप्तिस्मा झालेल्यांना स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याआधी हा वर्ग असतो. १२ ते १६ आठवड्यांत प्रेषितांचा विश्वासांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, मंडळीचा कारभार हे विषय होतात. पाठांतर आवश्यक आहे, मात्र त्यावर थांबले तर दृढीकरण हा निरोप समारंभ ठरतो. मुले फोटो काढतात आणि दिसेनाशी होतात. मुख्य कारण असे की सगळी तुकडी एकाच दिवशी, वयानुसार, आईवडिलांच्या आग्रहाने पुढे आणली जाते. प्रत्येकाशी पाळकाने अर्धा तास एकट्याने बोलावे आणि ‘मी अजून तयार नाही’ म्हणणाऱ्याला मानाने थांबू द्यावे. ज्यांचे दृढीकरण झाले त्यांना पुढच्याच रविवारी काम द्यावे: शास्त्रवाचन, दानाची मोजणी, शब्बाथ शाळेत मदत. काम खरे असावे. खुर्च्या लावणे हे काम सगळ्यांनी मिळून करायचे असते; ते फक्त तरुणांच्या माथी मारले की मंडळी आपल्याला काय समजते हे त्यांना कळते.

शिबिर

पन्हाळा कोल्हापूर शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर असल्याने शिबिरासाठी सोयीचा आहे. दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना धरावा. जून ते सप्टेंबर धुके आणि पाऊस यांमुळे बाहेरचे काहीच जमत नाही. दोन रात्री, तीन दिवस पुरतात. ४० मुलांसाठी पाच गटप्रमुख, मुलींसाठी किमान दोन जबाबदार महिला, प्रथमोपचार येणारे एक जण आणि स्वयंपाकाची वेगळी माणसे हवीत. गटप्रमुखांनाच चपात्या लाटायला बसवले की संध्याकाळपर्यंत ते ऐकून घेण्याच्या अवस्थेत राहत नाहीत.

शिबिराची कसोटी शेवटच्या रात्री लागते. दोन रात्री झोप कमी, गाणी, शेकोटी, आणि अकरा वाजता ‘येशूला जीवन देणाऱ्यांनी हात वर करा’. त्यात काही निर्णय खरे असतात. पुष्कळ शेजारचा हात वर गेला म्हणून घेतलेले असतात. तीन आठवड्यांनी तीच भावना न आल्यामुळे मुलाला वाटते की देव सोडून गेला. म्हणून साक्षी (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणे) सकाळी, न्याहारीनंतर, झोप झालेली असताना ठेवाव्यात आणि कोणावर बोलण्याची सक्ती नसावी. परतल्यावर दोन दिवसांत गटप्रमुखाने प्रत्येकाला भेटावे आणि पुढचे चार आठवडे तोच गट एकत्र ठेवावा. ही पाठपुराव्याची तारीख शिबिराच्या पत्रकातच छापलेली असावी.

सेवा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शहराचा काही भाग व नदीकाठची गावे बुडाली. पूर ओसरल्यावर चिखल काढणे, भिंती धुणे, पिण्याचे पाणी पोचवणे अशा कामांत तरुणांना विश्वासाचा जो अर्थ कळतो तो व्याख्यानातून कळत नाही. दोन पथ्ये पाळावीत. मदतीबरोबर धर्मपत्रके वाटू नयेत. संकटातल्या माणसाला ती अट वाटते. आणि काम झाल्यावर त्याच संध्याकाळी अर्धा तास बसून काय पाहिले, प्रभूचे कोणते वचन आठवले, कशाचा राग आला, हे बोलावे. ते बोलणे राहिले तर उरतात फक्त मोबाईलमधली छायाचित्रे.

सुरक्षितता

अठरा वर्षांखालील मुलांच्या कामाला २०१२ चा पॉक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण) कायदा लागू असतो. बंद खोलीत एका मुलाबरोबर एकच प्रौढ कधीही नसावा. रात्री खासगी संदेश नसावेत. सहलीला पालकांची लेखी परवानगी हवी. इतर धर्मांच्या घरातली अल्पवयीन मुले मित्रांबरोबर येतात, त्यांच्या पालकांना सभेचे स्वरूप स्पष्ट सांगून परवानगी घेतल्याशिवाय त्यांना बसवू नये. अत्याचाराची शंका आली तर पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. ‘मंडळीचे नाव जाईल’ म्हणून प्रकरण मंडळीच्या वडीलजनांच्या बैठकीत मिटवणे हा गुन्हा आहे, आणि त्या मुलाची श्रद्धा त्यातून सहसा वाचत नाही.

गाव सोडताना

शिक्षण किंवा नोकरीसाठी पुणे, मुंबई, बेंगळुरूला जाणारे तरुण संघातून सर्वांत जास्त गळतात. पहिल्या महिन्यात उपासनेला न गेलेला मुलगा पुढे क्वचितच स्वतःहून जातो. जाण्याआधीच तिथल्या एका मंडळीच्या पाळकाशी त्याचे फोनवर बोलणे करून द्यावे, सभासदत्वाचे पत्र हातात द्यावे, आणि कॉलेजात यू.ई.एस.आय. (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) या १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्ती विद्यार्थी संघाचा गट असेल तर त्याची ओळख करून द्यावी. पहिल्या दोन रविवारी संध्याकाळी गटप्रमुखाने फोन करावा. सुट्टीत परत आल्यावर त्याला पाहुणा न मानता पुढच्या सभेचा शास्त्राभ्यास त्याच्याकडे सोपवावा.