ग्राहकाभिमुख विपणन

आपल्याला काय बनवता येते किंवा काय खपवायचे आहे यापेक्षा ग्राहकाला काय हवे आहे, हे आधी हेरून त्याप्रमाणे वस्तू, किंमत, वितरण व जाहिरात ठरवण्याची पद्धती. ‘विपणन संकल्पना’ या नावानेही ती ओळखली जाते. विक्री आणि विपणन यांतला भेद हार्व्हर्डचे थिओडोर लेव्हिट यांनी १९६० मध्ये नेमका मांडला. त्यांच्या मते विक्रीत विक्रेत्याची निकड असते, मालाचे पैसे करण्याची, विपणनात ग्राहकाची. मंडईत वांगी मागितल्यावर ‘भरताला की भरायला?’ असे विचारून मगच ढिगाला हात घालणारी भाजीवाली हा भेद न शिकता पाळत असते. भरताला मोठे वांगे लागते, भरायला लहान व कोवळे. दोन्ही टोपल्यांत असले तरी प्रश्न आधी येतो, तागडी नंतर.

‘ग्राहक’ हा शब्द संस्कृत ‘ग्रह्’ (घेणे) या धातूवरून आला असून ‘गिऱ्हाईक’ हे त्याचेच रुळलेले रूप होय. मराठीत एखाद्याचे ‘गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याची टिंगल करणे. बाजारातल्या फसवणुकीशी या अर्थाचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तूर्त तो तर्कच समजावा.

संकल्पनेचा उगम : याबाबत मतभेद आहेत. पाठ्यपुस्तकांतून उत्पादनयुग, विक्रीयुग व विपणनयुग असे तीन टप्पे सांगितले जातात आणि ग्राहकाचा विचार दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला असे सुचवले जाते. या कालविभागाचा मुख्य आधार म्हणजे रॉबर्ट कीथ यांचा १९६० चा एक लेख. कीथ हे पिल्सबरी या अमेरिकन पीठ कंपनीतील वरिष्ठ अधिकारी. मिनिआपोलिस येथे १८६९ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने आधी गहू व जलशक्ती हाताशी आहे म्हणून पीठ दळले, १९३० नंतर ते खपवण्यासाठी विक्रेत्यांची फौज उभी केली आणि १९५० च्या सुमारास, केकच्या तयार मिश्रणांसारखी अनेक उत्पादने शक्य झाल्यावर, त्यांतली कोणती काढायची याचा कौल गृहिणीकडे मागितला, असा त्यांचा वृत्तांत आहे. एका गिरणीचा हा इतिहास पुढे साऱ्या उद्योगजगताचा इतिहास म्हणून वापरला गेला.

विपणनाच्या इतिहासाचे अभ्यासक रोनाल्ड फुलरटन यांनी १९८८ मध्ये या मांडणीवर आक्षेप घेतला. ब्रिटन, जर्मनी व अमेरिका येथील पुरावे देऊन त्यांनी दाखवले, की तथाकथित उत्पादनयुगातही मागणी ओळखण्याचे व ती घडवण्याचे प्रयत्न जोमाने चालू होते. अठराव्या शतकात जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभाराने लंडनमध्ये चिनी मातीच्या भांड्यांचे प्रदर्शनदालन थाटले होते, हे लक्षात घेता फुलरटन यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. उपभोग हेच उत्पादनाचे एकमेव साध्य, हे ॲडम स्मिथ यांचे विधान तर १७७६ चे आहे. तथापि या विचाराला व्यवस्थापनाच्या तत्त्वाचे रूप १९५० च्या दशकातच मिळाले, हे मान्य करावे लागते. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या १९५२ च्या वार्षिक अहवालात विपणन उत्पादनाच्या शेवटी नव्हे तर आरंभी यावे अशी भूमिका आहे. ग्राहक निर्माण करणे हाच व्यवसायाचा हेतू, असे व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये लिहिले.

‘ग्राहक हा आमच्या आवारातील सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आमच्यावर नाही, आम्ही त्याच्यावर अवलंबून आहोत’ ही पाटी बँकांत व दुकानांत गांधीजींच्या छायाचित्राखाली आढळते. हे उद्गार त्यांनी १८९० साली दक्षिण आफ्रिकेत काढले असे सांगतात. त्या वर्षी गांधीजी लंडनमध्ये कायद्याचे विद्यार्थी होते आणि दक्षिण आफ्रिकेत ते १८९३ मध्ये गेले. याच आशयाची, बरीचशी त्याच शब्दांतील वाक्ये १९४१ मध्ये स्टुडबेकर या अमेरिकन मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख केनेथ एलियट यांच्या तोंडी छापलेली सापडतात. पाटीचे मूळ तिकडे असावे.

मापन : एखादी संस्था कितपत ग्राहकाभिमुख आहे हे कशावरून जोखावे, याविषयी १९९० मध्ये दोन मांडण्या पुढे आल्या. विपणनाचे अभ्यासक कोहली व जावोर्स्की यांनी माहिती मिळवणे, ती संस्थेत सर्वत्र पोचवणे व तिला प्रतिसाद देणे या कृतींवर भर दिला. नार्व्हर व स्लेटर यांनी ग्राहक, प्रतिस्पर्धी आणि विभागांतील समन्वय यांकडे पाहण्याच्या वृत्तीवर.

जाहिरातीची भाषा : ‘आमचे येथे शुद्ध तुपातील मिठाई मिळेल’ या जुन्या पाट्यांचा कर्ता दुकानदार असतो. पुण्यातील ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी आत्मगौरवाचा नमुना म्हणून थट्टेचा विषय झाली. परंतु नावाची नक्कल करणाऱ्यांपासून ती गिऱ्हाइकाला सावधही करते, तेव्हा ती सर्वस्वी स्वकेंद्री म्हणता येत नाही. टाटा नॅनोचे उदाहरण याउलट आहे. २००९ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीची ओळख ‘सर्वांत स्वस्त मोटार’ अशी झाली. कंपनीच्या दृष्टीने एक लाखाची किंमत हा अभियांत्रिकी पराक्रम होता. मोटारीत प्रतिष्ठा पाहणाऱ्या घरांना तेच विशेषण बोचले. स्वस्तपणाचा हा शिक्का दुर्दैवी होता व त्यात कंपनीच्या विपणनाचाही वाटा होता, असे रतन टाटा यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. शाम्पूच्या पुडीने मात्र रोजंदारीवर जगणाऱ्या घराचा हिशेब ओळखला : बाटली परवडत नाही, एका न्हाण्यापुरते परवडते. तिचे श्रेय बहुधा तमिळनाडूतील कडलूरचे चिन्नी कृष्णन यांना दिले जाते.

महाराष्ट्रात हा विचार विक्रेत्यांइतकाच ग्राहकांच्या बाजूनेही पुढे आला. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याच्या वाणसामानाची मागणी आधी नोंदवायची व एकत्रित खरेदी करायची, अशी वितरणव्यवस्था उभारली. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला; २०१९ च्या नव्या कायद्याने २०२० मध्ये त्याची जागा घेतली.