टाके घातल्यानंतरचे १४ दिवस

हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलाला जखम झाली की रक्ताची धार लागते आणि काही मिनिटांत जीव जातो, असा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. वास्तविक या मुलांचे रक्त इतरांपेक्षा वेगाने वाहत नाही. ते अधिक काळ वाहत राहते, आणि पुष्कळदा थांबल्यासारखे वाटून काही तासांनी पुन्हा सुरू होते. मोठ्या शस्त्रक्रियेची खरी परीक्षा म्हणूनच टाके घातल्यानंतर असते.

रक्तवाहिनी कापली गेली की प्रथम प्लेटलेट्स तेथे चिकटून बूच बसवतात. हिमोफिलियात प्लेटलेट्स निर्दोष असल्यामुळे हे बूच वेळेवर बसते. मात्र ते कच्चे असते, आणि त्यावर फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे विणले गेले तरच टिकते. या विणकामाला लागणारे थ्रॉम्बिन पुरेसे तयार होण्यासाठी सक्रिय झालेला घटक ९ आणि घटक १० ही रक्त गोठवणारी प्रथिने एकत्र यावी लागतात. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर त्यांची गाठ घालून देतो तो घटक ८, आणि त्यामुळे या क्रियेचा वेग हजारो पटींनी वाढतो. हिमोफिलिया ‘ए’च्या तीव्र प्रकारात हाच घटक सामान्य पातळीच्या १ टक्क्याहून कमी असतो.

तो बाहेरून देता येतो. किलोमागे १ युनिट दिल्यास रक्तातील पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढते. म्हणजे २० किलोच्या मुलाची पातळी शस्त्रक्रियेपूर्वी १०० टक्क्यांवर नेण्यास १,००० युनिट लागतात. हा घटक भुकटीच्या रूपात कुपीत येतो. परिचारिका ती कुपी जोराने हलवत नाही, कारण फेस होतो. तळहातांत हळुवार फिरवून भुकटी विरघळवते. प्रौढांत सुमारे १२ तासांत निम्मा घटक ओसरतो, लहान मुलांत त्याहूनही लवकर. त्यामुळे पातळी मोजत, पहिले ३ दिवस ती ६० ते ८० टक्के राखत, पुढे उतरत्या मात्रेने साधारण दोन आठवडे इंजेक्शने चालू ठेवावी लागतात. घटकाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे, म्हणजे इनहिबिटर, रक्तात आहेत का, हे आधीच तपासलेले असावे. ती असल्यास हा सारा हिशेब कोलमडतो आणि वेगळी औषधे लागतात.

या आजाराचे जनुक आईकडून येते म्हणून सुनेला बोल लावणारी घरे आजही आहेत. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात हा आजार पूर्वी कोणालाच नसतो, हे त्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

जखम वरून कोरडी दिसू लागली की पालकांना घरी जायची घाई होते. पण आतले जाळे अजून कोवळे असते, आणि पुष्कळदा टाके काढण्याच्या दिवशीही आधी घटकाचे इंजेक्शन आणि मगच कात्री, असा क्रम ठेवला जातो.