गढूळ नदीचा दोष एकट्या शेताच्या माथी नको

पावसाळ्यात मुठा, पवना तांबूस झाल्या की पुण्यात ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "शेतातली माती वाहून आली." हे सरसकट खरं नाही. ढासळते काठ, कच्चे रस्ते, बांधकामासाठी फोडलेल्या टेकड्या यांतूनही बारीक गाळ येतो, आणि पाण्याच्या रंगावरून उगम कळत नाही.

तो गाळातूनच शोधता येतो. ०.०६३ मिलिमीटरपेक्षा बारीक कण चाळून शेताच्या, काठाच्या, रस्त्याच्या मातीशी ताडतात. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांतलं सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य पावसाबरोबर जगभर पडलं आणि मातीच्या वरच्या थराला चिकटून राहिलं. गाळात ते ठळक असेल तर माती वरची. नगण्य असेल तर खोलातली, म्हणजे बहुधा काठाची किंवा खोदकामाची. खनिजं, चुंबकीय गुणही जुळवावे लागतात. ही तपासणी टाळून शेतकऱ्यालाच बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं.