जिना आधी, पिरॅमिड नंतर

१८३४ साली जुझेप्पे फेर्लिनी हा इटालियन डॉक्टर सुदानातल्या मेरोए इथे मजुरांना घेऊन एका पिरॅमिडवर चढला आणि माथ्यापासून दगड उपसत खाली येत गेला. पिरॅमिड होता राणी अमानिशाखेतोचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. फेर्लिनीला सोन्याची रुंद कडी, मुद्रिका आणि ताईत मिळाले. आफ्रिकेच्या आतल्या भागात इतकं नाजूक काम होऊच शकत नाही, असं मानून युरोपात काहींनी ते आधी खोटं ठरवलं. आज हे दागिने म्यूनिक आणि बर्लिनच्या संग्रहालयांत आहेत.

हा खजिना पिरॅमिडच्या वरच्या भागातल्या एका खोलीत सापडला, असं फेर्लिनीने लिहून ठेवलं. पुढच्या अनेक पुरातत्त्वज्ञांना ते पटलं नाही. कुश म्हणजे आजच्या सुदानातलं प्राचीन राज्य. त्याच्या राजघराण्याचे पिरॅमिड ज्या क्रमाने बांधले जात, त्यात वर खोली ठेवण्याचं काही कारणच नसे. मृत माणूस जमिनीखाली असे. पिरॅमिड म्हणजे त्याच्यावर उभारलेली खूण.

गिझाचे पिरॅमिड डोक्यात ठेवून इकडे पाहिलं की चूक होते. खुफूच्या पिरॅमिडमध्ये राजाची खोली दगडी रचनेच्या आत, जमिनीपासून बरीच वर आहे. कुशचे राजे त्यानंतर जवळपास दोन हजार वर्षांनी आले. इजिप्तच्या राजांनी स्वतःसाठी पिरॅमिड बांधणं सोडलं, त्यालाही तोवर सुमारे आठशे वर्षं झाली होती. मधल्या काळात इजिप्शियन अधिकारी आणि कारागीर आपल्या थडग्यांवर छोटे, उंचेले विटांचे पिरॅमिड बांधत. इजिप्तच्या ताब्यातल्या नुबियातही, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नाईलकाठच्या प्रदेशातही, असे पिरॅमिड होते. कुशच्या पिरॅमिडांचं नातं गिझापेक्षा यांच्याशी जास्त जवळचं आहे.

राजासाठी काम जमिनीत सुरू होई. पूर्वेकडून खडकात उतरता जिना खोदत, त्याच्या टोकाशी खोल्या कोरत. नुरी या कुशच्या राजांच्या दफनभूमीत राजाच्या थडग्याला साधारणपणे तीन खोल्या असत, राणीच्या थडग्याला दोन. जॉर्ज रायझनर या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने १९१६ ते १९१८ मध्ये नुरी खणलं, तेव्हा निव्वळ खोल्या मोजून थडगं कोणाचं असावं याचा अंदाज बांधता येत होता. थडग्यांचा क्रम लावण्याची त्याची युक्तीही साधी होती: सर्वांत उत्तम जागा पहिल्याने घेतली, उरलेली पुढच्यांनी. या पद्धतीचा आराखडा अजून बऱ्याच अंशी टिकून आहे. मात्र काळ्या लोकांनी असं राज्य उभारलं असेल हे मान्य करायला रायझनर तयार नव्हता. राज्यकर्ते बाहेरून आलेले गोरे लिबियन असावेत असं त्याने मांडलं. ते पार चुकीचं होतं, आणि त्या चुकीने नुबियाचा अभ्यास कित्येक दशकं मागे खेचला.

इजिप्त जिंकून २५ व्या राजवंशाचा पाया घालणारा पिये राजा अल-कुरू इथे पुरला आहे. त्याच्या खोलीत मधोमध दगडी ओटा आहे आणि ओट्याच्या कोपऱ्यांवर खाचा आहेत. त्या खाटेच्या पायांसाठी. मृताला खाटेवर निजवून पुरण्याची रीत नुबियात केर्मा संस्कृतीपासून, म्हणजे पियेच्याही हजारपेक्षा जास्त वर्षं आधीपासून चालत आली होती. वर इजिप्शियन घाटाचा पिरॅमिड, खाली नुबियन खाट. अल-कुरूला राजांच्या घोड्यांचीही २४ थडगी सापडली, आणि घोडे उभ्याने पुरलेले होते. वेढा घातलेल्या शहरात घोड्यांची उपासमार झालेली पाहून आपण संतापलो, असं पियेने आपल्या विजयाच्या शिलालेखात कोरून घेतलं आहे. त्यामुळे ही थडगी केवळ थाटासाठी नसावीत, असं मला वाटतं.

अंत्यविधी झाला की खोलीचं दार दगडांनी चिणत आणि जिना भरून टाकत. मेरोएच्या अनेक थडग्यांत पूर्वेकडचं छोटं देवघर या बुजवलेल्या जिन्याच्या वर येतं. जिना उघडा असताना ते बांधणं शक्यच नव्हतं. म्हणजे शेवटचं बांधकाम राजा गेल्यानंतर, त्याच्या वारसाच्या हातून होई. वारस दुबळा असला किंवा तिजोरी रिकामी असली तर पिरॅमिड लहान निघे. आकारावरून मृत राजाची थोरवी मोजायची नाही, ती याच कारणाने.

मेरोएचे पिरॅमिड इतके उभे का, याचं उत्तर जर्मन वास्तुविशारद फ्रीडरिश हिंकेल यांनी सुचवलं. त्यांनी इथे कित्येक वर्षं मोजमाप आणि डागडुजी केली. पडझड झालेल्या पिरॅमिडांच्या ऐन मध्यावर त्यांना उभ्या लाकडी खांबाचे अवशेष दिसले. हा खांब शादूफचा असावा, असं त्यांनी मांडलं. कोकणात जुन्या विहिरींवरची लाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना शादूफ समजावून सांगायला नको: उभा खांब, त्यावर आडवी बहाल, एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला बादली. इथे बादलीच्या जागी दगड. खांब मध्यभागी रोवायचा आणि त्याच्याभोवती थरावर थर चढवत जायचं. पिरॅमिड पूर्ण होईतो दगड उचलणाऱ्या या यंत्राचा खांब त्याच्या पोटात गाडला जातो.

आता हिशेब पाहा. आडव्या बहालीची पोच ठरलेली असते, त्यामुळे खालचा दगड खांबापासून फार दूर असून चालत नाही. २० मीटर उंचीचा पिरॅमिड ७० अंशांच्या उताराचा असेल, तर मध्यापासून बाजूपर्यंतचं अंतर सव्वासात मीटर भरतं. तोच गिझासारखा ५२ अंशांचा केला, तर ते साडेपंधरा मीटर होतं. भरावाचं घनफळ पहिल्यात सुमारे १४०० घनमीटर, दुसऱ्यात ६५००. तेवढीच उंची, पण जवळपास पाचपट दगड.

एका देवघराच्या भिंतीवर पिरॅमिडचा नकाशाच कोरलेला सापडला आहे. अर्धा पिरॅमिड, मध्यरेषा आणि ४८ आडव्या रेषा, म्हणजे ४८ थर. प्रमाण साधारण एकास दहा. उंची आणि पाया यांचं गुणोत्तर ८ : ५ असून त्यातून निघणारा उतार ७२ अंशांच्या जरा वर जातो. बांधणाऱ्यांनी आकडा आधी ठरवला होता, हे इथे स्वच्छ दिसतं.

सुरुवातीचे पिरॅमिड भरीव दगडाचे असत. पुढे बाहेर घडीव वालुकाश्माचं कवच आणि आत दगडगोटे-मातीचा भराव अशी पद्धत आली, आणि शेवटच्या काळात विटा. बाहेरून चुन्याचा गिलावा देऊन रंगवत. आज उघडा, तपकिरी दगड दिसतो तसं रूप त्यांचं कधीच नव्हतं. गिलावा शोभेसाठी होताच, पण त्याचं खरं काम पाणी अडवायचं. तो गळून पडला की पावसाचं पाणी सांध्यांतून भरावात शिरतं. माती फुगते, खाली बसते आणि बाहेरच्या कवचाला आतून ढकलते. दगडांच्या ओळी पोट काढतात, मग एक बाजू सरळ कोसळते. खालच्या थरांना वाऱ्याबरोबर येणारी वाळू घासत राहते ती वेगळीच. माथा काढलेला पिरॅमिड तर वरून उघड्या पिंपासारखा असतो. फेर्लिनीसारख्या खजिनाशोधकांनी केलेलं सर्वांत मोठं नुकसान हे आहे. मात्र मेरोएच्या चाळीस पिरॅमिडांचे माथे त्या एकट्याने उडवले, असं जे सर्रास लिहिलं जातं, ते जपून घ्यावं. फ्रेंच प्रवासी फ्रेदेरिक कायो १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे होता. अमानिशाखेतोचा पिरॅमिड त्याने चांगल्या स्थितीत चितारला आहे, पण इतर काही तेव्हाच मोडकळीला आलेले होते.

देवघरात नैवेद्याची दगडी ताटं ठेवत. त्यांवरचा मेरोइटी लिपीतला मजकूर वाचता येतो, कारण फ्रान्सिस ग्रिफिथ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अक्षरांचे उच्चार लावले. भाषा मात्र फारशी कळत नाही. जी थोडी वाक्यं उलगडली आहेत, ती याच ताटांवर पुन्हा पुन्हा येतात म्हणूनच. इसिस आणि ओसायरिस या देवतांना हाक, आणि मग मागणं: ‘अतो म्हे’, भरपूर पाणी, ‘अत म्हे’, भरपूर भाकरी.

पाणी आता नुरीत खालून येतं. तिथला मोठा पिरॅमिड तहर्का राजाचा, पायाशी सुमारे ५२ मीटर रुंद. शेवटच्या राजांपैकी नस्तासेनचं थडगं, इ.स.पू. चौथ्या शतकातलं, आज भूजलात बुडालेलं आहे. नदीकाठची सिंचनाची शेती आणि धरणं यांमुळे भूजलाची पातळी चढली. पुरातत्त्वज्ञ पिअर्स पॉल क्रीझमन यांच्या चमूने जिना मोकळा करून २०१९ मध्ये आत बुडी मारली. चिंचोळ्या वाटेत पाठीवर टाकी घेऊन जाणं धोक्याचं, म्हणून हवा वरच्या पंपातून नळीने सोडली. छत कधी खचेल याची खात्री नाही, तळाचा गाळ जरा हलला की काही दिसत नाही. अशा अंधारात त्यांना सोन्याच्या पातळ पत्र्याचे तुकडे मिळाले. हा पत्रा ज्या मूर्तींवर चढवलेला होता, त्या पाण्यात विरून गेल्या होत्या. चोर आले असते तर सोनं नेलं असतं, म्हणून हे थडगं लुटलं गेलेलं नसावं. पाणी कमी झालं तरच तळाचा गाळ नीट चाळता येईल. तोवर त्यात आणखी काय काय विरघळतं आहे, ते वरून पाहणाऱ्याला दिसत नाही.