‘जुन्या फटफटीले काय विमा काढा लागते?’

यवतमाळ-वाशीमकडच्या कोणत्याही गावात पारावर गाडीच्या विम्याचा विषय काढा, पहिलं वाक्य हेच येतं, “फटफटीचीच किंमत पंधरा हजार, तिले काय विमा काढा लागते बाप्पा?” हे बोलणारे लोक अडाणी नसतात बरं का, मोबाईलवर रोज सोयाबीनचे भाव बघणारे, ठिबकचं गणित तोंडपाठ असलेले कास्तकार असतात. देशात रस्त्यावर फिरणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्यांना विमा नाही आणि त्यात दुचाक्यांचा भरणा मोठा. एवढ्या सगळ्या लोकांना एकदम वेड लागलं असेल असं होऊ शकत नाही, यामागे शक्यतेचं आणि आपल्या मेंदूचं एक पक्कं विज्ञान आहे आणि ते कळलं की बराच राग शांत होतो.

आधी त्या पंधरा हजाराचं बघू. कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १४६. तो तुमच्या गाडीसाठी नसतोच, तुमच्या गाडीने ज्याला धडक बसली त्याच्यासाठी असतो. म्हणजे गाडी शोरूममधून आजच आणलेली असो की गंजलेली, धडक तेवढीच लागते. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला, म्हणजे गावात दिसणाऱ्या बहुतेक गाड्यांना, २०२२ मध्ये ठरलेला दर वर्षाला ७१४ रुपये, वर जीएसटी. विमा नसताना पकडलं तर पहिल्यांदा २ हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंडाची भीती सोडा, खरा आकडा वेगळाच आहे.

समजा तुमच्या गाडीखाली २८ वर्षांचा मजूर गेला, महिन्याला १२ हजार कमवणारा, घरी चार-पाच जण त्याच्यावर अवलंबून. अपघाताची भरपाई ठरवणारं न्यायाधिकरण वर्षाचे १ लाख ४४ हजार धरतं, पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के जोडतं, त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पक्कं केलेल्या कोष्टकाप्रमाणे त्या वयाला १७ ने गुणतं. येतात २५ लाख ७० हजार. विमा असला तर कंपनी भरते, मर्यादा नाही. नसला तर मालक. आणि मालकाने नाही भरले तर कलम १७४ खाली ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी कलेक्टरमार्फत वसूल होऊ शकते, म्हणजे गोष्ट थेट सातबाऱ्यावर येते. आणि मालकाकडे काहीच नसलं तर त्या मजुराच्या बायकोच्या हातात नुसता निकालाचा कागद.

मग ७१४ रुपये वाचवून २५ लाखांचा धोका माणूस का घेतो? कंजूष म्हणून, असं शहरातले लोक पटकन म्हणून टाकतात, मला ते अजिबात पटत नाही. माणूस आपल्या अनुभवावरून शिकतो आणि इथे अनुभव प्रामाणिकपणे चुकीचं शिकवतो. हीच गोष्ट मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडते म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हिशोबासाठी धरून चालू की एका गाडीकडून वर्षात कोणाला तरी मोठी इजा होण्याची शक्यता ५०० मध्ये १ आहे (हा आकडा फक्त उदाहरणासाठी). आता एक माणूस २० वर्षं गाडी चालवतो. एकदाही काही न होण्याची शक्यता काढायची तर ४९९ भागिले ५०० ही संख्या स्वतःशीच २० वेळा गुणायची, उत्तर ०.९६. म्हणजे शंभरातल्या ९६ जणांचा आयुष्यभराचा अनुभव हाच की “वीस वर्षं झाले, काही नाही झालं.” ते खोटं बोलत नाहीत, त्यांच्या बाबतीत खरंच काही झालेलं नाही. बरं एकट्याचा अनुभव सोडा, पारावरच्या २० जणांनी मिळून पाच वर्षांचा अनुभव एकत्र केला, म्हणजे १०० गाडी-वर्षं झाली, तरी त्यातल्या कोणाकडूनच काही न होण्याची शक्यता ८२ टक्के निघते! आणखी पुढे जा, ५०० गाडी-वर्षं पाहिली, जिथे सरासरीने बरोबर एक अपघात व्हायला पाहिजे, तरी शून्य दिसण्याची शक्यता ३७ टक्के राहते. म्हणजे तूर निवडताना ५०० दाण्यात एक खडा आहे हे माहीत असलं तरी मुठीत वीस दाणे घेतले तर बहुतेक वेळा मुठीत खडा सापडत नाही, आणि सापडला नाही म्हणून पोत्यात नाही असं मुठीला वाटतं.

ही गोष्ट प्रयोगातही दिसली. १९७९ मध्ये काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की शक्यता कागदावर आकड्यात लिहून दिली तर माणूस छोट्या शक्यतेला गरजेपेक्षा जास्त भाव देतो, म्हणून तर लॉटरी खपते. पण २००४ मध्ये हर्टविग आणि त्यांच्या सोबत्यांनी आकडे लपवले, लोकांना बटण दाबून दाबून स्वतःच अनुभव घ्यायला लावला, तेव्हा उलटं झालं, दुर्मिळ गोष्टीला लोकांनी गरजेपेक्षा कमी किंमत दिली, कारण बहुतेकांनी थोडेच वेळा बटण दाबलं आणि दुर्मिळ निकाल त्यांना फारसा दिसलाच नाही. गावातला गाडीवाला अगदी याच प्रयोगात बसलेला आहे, त्याच्याकडे आकड्यांचा कागद नाही, नुसता रोजचा रस्ता आहे. अमेरिकेत पुराच्या विम्याचंही असंच दिसलं, पूर आला की विमा घेणारे वाढतात आणि थोड्या वर्षांत परत गळतात. आपल्याकडेही फाट्यावर एखादा मोठा अपघात झाला की पंधरा दिवस सगळे कागद शोधतात.

दसऱ्याला गाडीला बांधलेल्या लिंबू-मिरचीचं यशही याच गणितातून येतं. लिंबू बांधलं आणि वीस वर्षं काही झालं नाही हे खरं असतं, पण न बांधणाऱ्या शंभरातल्या ९६ जणांचंही काही झालेलं नसतं, त्यांना कोणी विचारत नाही. पूजा आनंदाने करा, हार घाला, पण लिंबाला ब्रेकचं आणि विम्याचं काम देऊ नका, ते त्याचं काम नाही.

आता कंपनीला तेच कसं दिसतं जे आपल्याला दिसत नाही? याकोब बर्नुली या गणितज्ञाचं पुस्तक १७१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापलं गेलं, त्यात मोठ्या संख्यांचा नियम सिद्ध केलेला आहे, म्हणजे जितक्या जास्त वेळा बघाल तितकं दिसणारं प्रमाण खऱ्या शक्यतेच्या जवळ जातं. आपल्याच उदाहरणात १० हजार गाड्या घ्या, सरासरी २० अपघात, आणि चढउतार साधारण २० च्या वर्गमुळाएवढा म्हणजे साडेचार, त्याची दुप्पट इकडे-तिकडे धरली तर बहुतेक वर्षी ११ ते २९. १० लाख गाड्या घ्या, सरासरी २०००, वर्गमूळ ४५, म्हणजे १९१० ते २०९०. गाड्या शंभरपट झाल्या पण चढउतार फक्त दहापट झाला, त्यामुळे टक्क्यात तो २२ वरून सव्वादोनवर आला. जे एकट्यासाठी “होईल किंवा नाही होणार” होतं ते दहा लाखांसाठी जवळजवळ ठरलेला खर्च झाला.

पण यात एक अट आहे आणि विदर्भात तीच सगळ्यात महत्त्वाची. अपघात एकमेकांपासून स्वतंत्र पाहिजेत. दिग्रसला एकाची गाडी घसरली म्हणून वणीत दुसऱ्याची घसरत नाही. पावसाचं तसं नाही, खंड पडला की अख्ख्या महसूल मंडळातलं, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातलं, सोयाबीन एकत्र वाळतं, तिथे हजार शेतकरी घ्या की लाख, चढउतार एका पातळीच्या खाली उतरतच नाही, वर्गमुळाची जादू तिथे चालत नाही. त्यात पीकविम्यात महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न धरतात, म्हणून तुमचं वावर बुडालं पण मंडळ तगलं तर खात्यात सहसा काही येत नाही. दोन-चार रुपये जमा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. त्यातून “सगळे विमे फसवे” हा राग आला आणि तो थेट गाडीच्या विम्यावर निघतो, मी तो राग समजू शकतो, पण ही दोन वेगळी गणितं आहेत. गाडीच्या बाबतीत भरपाई सरासरीवर नाही, त्या एका माणसाच्या नुकसानीवर न्यायाधिकरण ठरवतं.

पैशाची वेळ हेही कारण आहेच. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा २०१३ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे, त्याच शेतकऱ्यांना पीक निघण्याआधी आणि नंतर बुद्धीच्या चाचण्या दिल्या तर आधी, म्हणजे हात तंग असताना, गुण कमी आले. माणूस तोच, डोकं मात्र उधारीच्या हिशोबात गुंतलेलं. जुलैत बियाणं, खत, फवारणी चालू असताना पॉलिसीची तारीख आली तर ७१४ रुपयेसुद्धा पुढे ढकलले जातात आणि मग विसरले जातात. सेकंडहँड गाडीत आणखी घोळ, पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, तारीख कोणालाच माहीत नाही. कायदा म्हणतो की घेणाऱ्याने १४ दिवसांत नाव बदलायला अर्ज करावा, गावात तो फारसा कोणी करत नाही.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा विकतानाच लागतो. त्यामुळे पाच वर्षं कोणाला काही करावं लागत नाही, आणि सवयही लागत नाही, आणि त्या गाड्यांचे विमे २०२३ पासून ओळीने संपायला लागले आहेत. २०२१ च्या दिवाळीत घेतलेल्या गाडीचा विमा २०२६ च्या दिवाळीच्या आसपास संपणार, आणि तेव्हा सोयाबीन विकलेलं असतं, हातात पैसा असतो. एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की विमा कुठवर आहे ती तारीख दिसते, शेजारच्या काकांच्या गाडीचीही बघून द्या.