मॅकशेन वाचनक्रम

एका वर्षात संपूर्ण बायबल एकदा, आणि नवा करार (बायबलचा दुसरा भाग) व स्तोत्रसंहिता दोनदा वाचून व्हावी म्हणून आखलेला रोजच्या चार वाचनांचा तक्ता. स्कॉटलंडमधील डंडी शहरातल्या सेंट पीटर्स मंडळीचे (चर्चचे) पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन (१८१३–१८४३) यांनी तो १८४२ च्या डिसेंबरअखेरीस आपल्या मंडळीला दिला. पहिले वर्ष पुरे होईपर्यंत ते राहिले नाहीत. २५ मार्च १८४३ रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी टायफसने त्यांचे निधन झाले. तक्त्याप्रमाणे त्या दिवशी मंडळीच्या घराघरांत योहान १५, म्हणजे द्राक्षवेल आणि फाट्यांचा अध्याय वाचायचा होता.

तक्त्याला चार रकाने आहेत. दोन कौटुंबिक उपासनेसाठी, दोन एकांतासाठी. १ जानेवारीला कुटुंबात उत्पत्ती १ व मत्तय १, एकांतात एज्रा १ व प्रेषितांची कृत्ये १. ही चारही आरंभाची पाने आहेत: सृष्टीचा आरंभ, ख्रिस्ताच्या जन्माची हकिकत, बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुदी लोकांचा नवा आरंभ आणि मंडळीचा आरंभ. कुटुंबाचा पहिला रकाना उत्पत्तीपासून २ इतिहासापर्यंत जातो, तर एकांताचा पहिला एज्रापासून मलाखीपर्यंत, मधली स्तोत्रे वगळून. ती स्तोत्रे आणि अख्खा नवा करार उरलेल्या दोन्ही रकान्यांत येतात, पण वेगवेगळ्या क्रमाने. कुटुंबात चार शुभवर्तमाने (मत्तय, मार्क, लूक, योहान) ३१ मार्चला संपतात आणि दुसऱ्या दिवशी स्तोत्रे सुरू होतात. एकांतात नव्या कराराचे शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, जूनमध्येच संपते, मग मत्तय व मार्क, त्यानंतर स्तोत्रे आणि वर्षाच्या शेवटी लूक व योहान.

बायबलचे अध्याय १,१८९. नव्या कराराचे २६० आणि १५० स्तोत्रे दुसऱ्यांदा धरली की बेरीज १,५९९ होते. ३६५ दिवसांत रोज चार धरल्यास १,४६० च बसतात, म्हणून लहान अध्याय आणि छोटी स्तोत्रे जोडून दिली आहेत. उलट १७६ ओव्यांचे ११९ वे स्तोत्र अनेक दिवसांवर वाटले आहे. संथ वाचले तर रोज अर्धा तास पुरतो. मननाचा आणि प्रार्थनेचा वेळ वेगळा.

वाचायचे कसे, हेही मॅकशेन यांनी सांगितले. कुटुंबप्रमुखाने अध्याय आधी स्वतः वाचून ठेवावा, त्यातली दोन-तीन ठळक वचने खुणावून घ्यावीत आणि मुलांना व घरातल्या नोकरमाणसांना त्यांवर सोपे प्रश्न विचारावेत. एकांतातले वाचन दिवस उजाडण्याआधी व्हावे. तिथेही सगळ्या अध्यायाचा भार न घेता दोन-तीन वचने निवडावीत आणि त्यांतल्या ओळी-ओळीवर, शब्दा-शब्दावर प्रार्थना करावी. हा भाग गाळून नुसते अध्याय उरकले तर तक्ता भरतो, मन रिकामेच राहते.

खरे तर तक्त्याचा गाभा एकत्र वाचण्यात आहे. त्या दिवशी कळप कोणत्या कुरणात चरतो आहे हे पाळकाला कळावे, रस्त्यात भेटलेल्या दोघांना त्याच अध्यायावर बोलता यावे, आईबापांना मुलांशी बोलायला रोज विषय असावा, असा मॅकशेन यांचा हेतू होता. पुढे लंडनमध्ये धर्मोपदेशक मार्टिन लॉइड-जोन्स यांनी हा तक्ता तिथलेच पाळक जॉन स्टॉट यांना सुचवला आणि स्टॉट यांनी तो अनेक वर्षे पाळला. आज मात्र बहुतेक जण चारही रकाने एकटेच वाचतात. अडखळण्याचे पहिले कारण तेच: कौटुंबिक उपासनेचा भारही एकाच्या सकाळवर पडतो आणि विचारणारे कोणी नसते.

वाचन कुठे तुटते हेही ठरलेले आहे. मार्चच्या मध्यापासून निर्गममधील निवासमंडपाची (इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूची) मापे, ३० मार्चपासून लेवीय आणि नोव्हेंबरच्या मध्यास १ इतिहासातील वंशावळ्या. अशा ठिकाणी बाकीचे तीन रकाने हात देतात. लेवीय सुरू होते तेव्हा योहानाचे शेवटचे अध्याय चालू असतात, आणि अर्पणांचे नियम वधस्तंभाशेजारी ठेवून वाचले की त्यांचा अर्थ उलगडू लागतो. मात्र रोजच्या चारही अध्यायांत ओढूनताणून एक सूत्र शोधू नये. तारखा मोजणीने जुळल्या आहेत. बहुतेक दिवशी प्रत्येक अध्याय त्याच्या आपल्या संदर्भातच वाचावा लागतो.

पाच दिवस बुडाले की वीसहून जास्त अध्याय साचतात. ते एका रविवारी भरून काढायला बसले की वाचन कर्ज फेडल्यासारखे होते. त्याऐवजी आजच्या तारखेवर यावे. सुटलेल्यापैकी शुभवर्तमाने, स्तोत्रे वा पत्रे असतील तर ती वर्ष संपण्याआधी दुसऱ्या रकान्यात बहुधा भेटतात, किंवा आधीच भेटलेली असतात. लीप वर्षातल्या २९ फेब्रुवारीला वाचन नाही, तो दिवस राहिलेल्यासाठी ठेवावा. चार अध्याय झेपत नसतील तर पहिल्या वर्षी कुटुंबाचे आणि दुसऱ्या वर्षी एकांताचे रकाने घ्यावेत. अशा अर्ध्या क्रमातही नवा करार आणि स्तोत्रे दर वर्षी पूर्ण होतात.

यांत्रिकपणा, स्वतःच्या धार्मिकतेचा गर्व, निष्काळजी वाचन आणि न पेलणारे जू हे चार धोके मॅकशेन यांनी तक्त्यासोबतच लिहून दिले. ज्याला तो बेडीसारखा वाटेल त्याने तो बाजूला ठेवून मोकळेपणी वाचावे, असे त्यांचे स्पष्ट सांगणे होते.

मराठी पवित्र शास्त्रात हा क्रम जसाच्या तसा लागू पडतो, कारण प्रोटेस्टंट प्रतींत पुस्तकांचा क्रम आणि अध्यायांचे आकडे तेच आहेत. कॅथलिक बायबलमधील तोबीत, मक्काबी इत्यादी ग्रंथ तक्त्यात नाहीत. ते वाचणाऱ्या कुटुंबाला त्यांच्यासाठी वेगळे दिवस काढावे लागतात.